सापडलं नाही म्हणा

संगणकाच्या सरांपुढे 'नाही' म्हणायची सोय नव्हती. शिपाई दारातून सांगे, "सर, खडू नाहीत." सर पडद्यावरची नजर न काढता म्हणत, "सापडले नाहीत म्हण." शिपाई मुकाट्याने "सापडले नाहीत" म्हणे आणि खडू न आणताच निघून जाई. माझ्या मते या दोन वाक्यांत व्यवहारात काडीचा फरक नव्हता; फळा दोन्ही वेळी कोराच राही. सरांच्या मते सगळा फरक तिथेच होता. 'नाही' म्हटलं की शोधणं संपतं, असं ते म्हणत. आमच्या शाळेत शोधणं मुळात कधी सुरूच होत नसल्याने ते संपण्याची मला तितकीशी काळजी वाटत नसे.

एकदा आम्ही दोघे तहसील कार्यालयात रांगेत उभे होतो. पुढच्या म्हाताऱ्याला खिडकीतल्या बाईंनी सांगितलं की तुमचं नाव यादीत नाही. सर मागून वाकून म्हणाले, "बाई, नाही असं तुम्हाला कसं कळलं? सापडलं नाही म्हणा." बाईंनी म्हाताऱ्याला सोडून सरांकडे पाहिलं, मग शिपायाला बोलावलं, आणि आम्हाला दोघांनाही रांगेबाहेर काढण्यात आलं. म्हाताऱ्याचं नाव त्या दिवशी काही सापडलं नाही. पण परतताना तो जरा ताठ चालत होता, असं सर नंतर बरेच दिवस सांगत. मी तिथेच होतो. मला तसं काही दिसलं नव्हतं.

आमची शाळा मोखाड्याच्या बाहेर, जव्हारच्या रस्त्याला. निवासी शाळा. डोंगरातल्या पाड्यांवरची मुलं इथे राहून शिकतात आणि दिवाळी झाली की त्यांचे आईबाप भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर निघून जातात. मी घाटावरून आलेला मराठीचा शिक्षक. सर मात्र इथलेच, मोखाड्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरचे, आणि कधीकाळी याच शाळेचे विद्यार्थी. शिक्षकांच्या खोलीत आम्ही एकमेकांना विषयाने हाक मारत असू. 'गणित, जरा सरका', 'भूगोल आज रजेवर आहे', असं चाले. सर मला म्हणत, "काय मराठी, चहा घेता ना?" चहा ते स्वतः करत. चहाची पत्ती खडूच्या डब्यात असे, कारण कधीतरी ती चुकून तिथे ठेवली गेली होती. साहजिकच खडू चहाच्या डब्यात होते. हे त्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, मग अदलाबदल का करत नाही? ते म्हणाले, वस्तू हलवली की ज्यांना जुनी जागा माहीत आहे ते चुकतात. वस्तू हलवायची नाही, वाट सांगायची. शिपायाने वाट विचारली असती तर त्यांनी सांगितलीही असती. शिपाई विचारत नसे, आणि सर न विचारता सांगत नसत. दोघांच्या स्वाभिमानापायी फळा कोरा राही.

मुलं त्यांना वाटसर म्हणत. या नावाचा उगम एका बैठकीत आहे. मुख्याध्यापकांनी संगणक-खोलीची हालहवाल विचारली, तेव्हा सर उभे राहून समाधानाने म्हणाले, "सगळ्या यंत्रांची वाट लावून दिली आहे, सर." मुख्याध्यापकांचा चेहरा असा झाला की गणिताने खोकल्याचं निमित्त करून तोंड झाकलं. दुसऱ्या दिवशी सरांना खुलासा मागणारं पत्र मिळालं. सरांच्या पाड्यावर पाहुण्याची वाट लावतात म्हणजे त्याला रस्त्याला लावून देतात, वळणापर्यंत जाऊन पुढचा मार्ग दाखवतात. शेवटी भाषेतला जाणकार म्हणून मला बोलावण्यात आलं. मी म्हणालो, सरांचा अर्थही बरोबर आहे, किंबहुना तोच जुना असावा. मुख्याध्यापकांनी विचार करून विचारलं, "जुना अर्थ कार्यालयीन कामकाजात चालतो का?" याचं उत्तर कुठल्याही शब्दकोशात नसल्यामुळे प्रकरण मिटलं. मुलांनी मात्र 'वाट' उचलली.

आणि वाट ते खरोखरच लावत होते. मला संगणकातलं काही कळत नाही. पण ही एक गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की मी ती झोपेतही सांगू शकेन. प्रोग्राम सगळं सामान स्वतःबरोबर घेऊन फिरत नाही. आवाज काढणं, अक्षरं दाखवणं, असली सगळ्यांना लागणारी कामं वेगळ्या फायलींमध्ये बांधून ठेवलेली असतात आणि ज्याला लागेल तो त्या वापरतो. या फायलींना लायब्ररी म्हणतात. प्रोग्राम सुरू होताना यंत्र त्याची लायब्ररी शोधायला जातं, पण जातं ते ठरलेल्या दोन-चार जागीच. तिथे मिळाली तर ठीक. नसेल तर पुढे पाऊल न टाकता परत येतं आणि पडद्यावर इंग्रजीत लिहितं की अशी फाईल नाही.

"आहे हो," सर चिडून पडद्याला सांगत. "गावात नाही, पाड्यावर आहे. तू गावठाणात बघून परत आलास."

हे ऐकायला मजेशीर वाटतं. इकडे राहणाऱ्याला वाटणार नाही. इकडे गाव म्हणजे एक नाव आणि त्या नावाखाली डोंगराआड विखुरलेले पाडे. गाडी गावापर्यंत येते. नळाचा पाइप गावापर्यंत येतो, निदान कागदावर. खानेसुमारीवाला गावात बसून चहा पितो आणि पाड्यावर कोण राहतं ते तिथूनच विचारून घेतो. सरांनी आपल्या लायब्ररीच्या फोल्डरचं नाव 'पाडा' ठेवलं होतं, आणि त्यात विनोद करण्याचा त्यांचा काही हेतू होता असं मला वाटत नाही.

लायब्ररी गावात का ठेवली नाही, याचं कारण साधं होतं. गावात ठेवायला पासवर्ड लागतो आणि तो यंत्रं पुरवणाऱ्या ठाण्याच्या कंत्राटदाराकडे होता. यंत्रं शाळेची, खोली शाळेची, वीज असली तर तीही शाळेची, मालकी कंत्राटदाराची. सरांना एका कोपऱ्यात फायली ठेवण्याची मुभा होती, तिथे त्यांनी पाडा वसवला.

आता पाड्यावर होतं काय, ते सांगायला हवं. तिथे त्यांची बहीण होती.

सर पहिलीत या शाळेत आले, तेव्हा गुरुजींनी विचारलं, "पाटी कुठे आहे?" यांना 'पाटी' कळली, 'कुठे' कळलं नाही. यांच्या घरी 'कठं' म्हणतात. हे गप्प राहिले. गुरुजींनी पुन्हा विचारलं, हे पुन्हा गप्प राहिले, आणि मग थप्पड बसली. पाटी काखेतच होती. मला हे त्यांनी जव्हारहून येणाऱ्या जीपमध्ये सांगितलं, मागच्या बाकावर, कोणाचं तरी तांदळाचं पोतं आमच्या मांड्यांवर असताना, आणि सांगून झाल्यावर लगेच ड्रायव्हरला मागचा दरवाजा नीट लावायला सांगितलं. पुन्हा तो विषय कधी काढला नाही.

त्यांनी पहिलीच्या मुलांसाठी एक प्रोग्राम केला. पडद्यावर चित्र येई. मूल त्यावर बोट ठेवी, मग एक बाईचा आवाज ते चित्र घरच्या बोलीत सांगे, आणि मागोमाग शाळेच्या मराठीत. आवाज सरांच्या मोठ्या बहिणीचा. ती शाळेची पायरी चढलेली नव्हती. तिची शाळेची वर्षं भट्टीवर विटा थापण्यात गेली होती. तिच्या मराठी वाक्यांत ठेचा लागत. आता माझ्यासारख्या माणसाला प्रश्न पडतो की मुलांना शुद्ध मराठी अशुद्ध बाईकडून का शिकवावी. मी तो विचारला. सर म्हणाले, "मुलांना कळेल ना, की हिलाही अवघड जातंय." मी पुन्हा विचारला नाही.

मुलं त्या प्रोग्रामला 'बाय' म्हणत. इकडे थोरल्या बहिणीला तीच हाक. नवीन आलेली, कोपऱ्यात रडत बसलेली पोरं वॉर्डन थेट संगणक-खोलीत आणून सोडी. पडद्यातून पहिलं वाक्य येई, "कठं जाहास?" कुठे चाललास? पोरगं दचकून यंत्राच्या मागे जाऊन बघे. बाई तिथे नसे. पण रडं थांबे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि मी सहसा कशावर विश्वास ठेवत नाही.

त्या पहिल्या वाक्यात एक चूक राहून गेली होती. ते भरून घेताना बहीण यंत्रापुढे बुजून गप्प बसली होती. तेव्हा सर हळूच म्हणाले, "बोल बाय, भिऊ नको," आणि मग ती बोलली. ती कुजबुज कापायची राहिली. पुढे मुलांना तीही पाठ झाली. वर्गात कोणी उत्तर द्यायला उभं राहून अडलं की मागची सगळी एका सुरात म्हणत, "बोल बाय, भिऊ नको." मी सरांना ती कापायला सुचवलं होतं. ते म्हणाले, कापतो. कापली नाही.

पासवर्डाच्या पायी एकदा मोठा समारंभ झाला. सरांनी वरच्या कार्यालयाला रीतसर अर्ज केला की शाळेची सामायिक लायब्ररी नेहमीच्या जागी नसून वेगळ्या जागी आहे, ती योग्य जागी ठेवण्यासाठी परवानगी मिळावी. अर्ज दोन टेबलं वर सरकला आणि त्याचं मराठीकरण झालं. उत्तर आलं की अनधिकृत जागेत ग्रंथालय चालवणं ही गंभीर बाब आहे. मागोमाग तपासणी पथक आलं. त्यांनी ग्रंथालय दाखवा म्हटलं. सरांनी पडद्यावरचं फोल्डर दाखवलं. पथकाने ते आस्थेने पाहिलं, 'जागा अपुरी' असा शेरा मारला, आणि दुपारनंतरची तपासणी दाभोशाच्या धबधब्यावर केली.

त्या शेऱ्यावर कार्यवाही झाली, हे विशेष. एक लोखंडी कपाट आलं. कपाटाबरोबर उद्घाटन आलं, उद्घाटनाबरोबर पाहुणे आले, आणि मुलींनी गेल्या स्वागताचंच गाणं पुन्हा म्हटलं. पाहुण्यांनी वाचनाचं महत्त्व सांगितलं. बोलताना त्यांनी जी दोन पुस्तकं वाचल्याचा उल्लेख केला त्यांतलं एक नाटक होतं आणि दुसरं कोणीच लिहिलेलं नाही. मग फीत कापली गेली. मग कपाट उघडायचं ठरलं, आणि कळलं की त्याची किल्ली ठाण्यालाच राहिली आहे, पासवर्डाच्या शेजारी. मुख्याध्यापक घामाघूम होऊन म्हणाले, "साहेब, किल्ली नाही."

तिसऱ्या रांगेतून सर म्हणाले, "सापडली नाही म्हणा."

मुलं हसली. पाहुणेही हसले, कारण मुलं हसली होती. सरांना आणखी एक खुलाशाचं पत्र मिळालं. कपाट अजून बंद आहे, त्यावर क्रीडा विभागाचे ढोल ठेवतात. पासवर्ड आला नाही.

मग सरांपुढे दोन मार्ग उरले. पाड्याची वाट प्रोग्रामच्या पोटातच लिहून टाकायची, कायमची, म्हणजे ती त्याला जन्मतःच माहीत असेल. किंवा रोज सकाळी यंत्र सुरू होताना एका ओळीत त्याला सांगायचं की गावात नसेल तर पाड्यावर बघ. माझ्यासारख्यालाही पहिला मार्ग शहाणपणाचा वाटला. एकदा लिहिलं की झालं, विसरायला नको. हे मी त्यांना म्हटलंही. ते हसले नाहीत. म्हणाले, "मराठी, तुम्ही घाटावरचे. तुमचं घर वर्षभर जागेवर असतं."

त्यांचं म्हणणं असं होतं. आमच्याकडे पोटात पत्ता लिहून माणूस जगू शकत नाही. दिवाळीनंतर घराला कडी लागते, घर म्हणजे मग भट्टीवरचं खोपटं, आणि भट्टी दर साली वेगळी. लहानपणी ते सुट्टीला पाड्यावर गेले होते तेव्हा घरात कोणी नव्हतं, आणि ते ओट्यावर बसून राहिले, कारण घर म्हणजे हेच, असं त्यांच्या पोटात लिहिलेलं होतं. शेवटी भट्टीवरून कामासाठी परत आलेल्या कोणीतरी वाट सांगितली. म्हणून जागा पोटात लिहायची नाही. जागा बदलेल हे धरूनच चालायचं आणि रोज सांगायचं. "सांगणारा असला की झालं," ते म्हणाले.

"आणि तुम्ही नसलात तर?" मी विचारलं.

"'नसलो' नाही," ते चहा गाळत म्हणाले. "सापडलो नाही म्हणा."

मी हसलो. विनोद चांगला होता, आणि त्या वेळी त्यात आणखी काही आहे असं मला वाटलं नाही.

गेल्या साली, निवृत्तीला थोडा काळ उरला असताना, एका दुपारी ते वर्गातच छाती धरून खाली बसले. आम्ही त्यांना जीपमध्ये आडवं घातलं आणि जव्हारकडे निघालो. रस्ता तो जसा आहे तसा आहे. प्रत्येक खड्ड्याला मी त्यांचं डोकं धरत होतो आणि ते प्रत्येक वळणाला डोळे उघडून कुठपर्यंत आलो ते बघत होते. बहुधा ड्रायव्हर चुकू नये म्हणून. जव्हारला डॉक्टर गाडीपाशीच आले. त्यांनी मनगट धरलं, मग गळ्यापाशी बोटं ठेवली, मग पुन्हा मनगट, आणि हळू आवाजात म्हणाले, "नाडी सापडत नाही."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांना हवं तसं वाक्य बोललं होतं, न सांगता. मला ते इतरांना सांगावंसं वाटलं. सांगण्यासारखी जागा नव्हती.

शोकसभेत मुख्याध्यापक म्हणाले की सर आपल्यातून गेले तरी त्यांचं कार्य अमर आहे. अमर कार्य पुढच्या सुट्टीपर्यंत चाललं. सुट्टीत कंत्राटदाराची माणसं आली, त्यांनी सगळ्या यंत्रांवरची जुनी व्यवस्था पुसून नवी बसवली आणि सहीशिक्का घेऊन गेली. त्यांनी वाईट असं काही केलं नाही. पाड्याला हातही लावला नाही; ते काय आहे हे माहीत नसल्यामुळे त्यांनी ते भलेपणाने तसंच सोडलं. प्रोग्राम जागेवर, लायब्ररी जागेवर, बहिणीचा आवाज जागेवर. गेली ती फक्त सकाळची ती एक ओळ; सरांनी ती यंत्राच्या सकाळच्या कामांत लिहून ठेवली होती, जुन्या व्यवस्थेबरोबर तीही पुसली गेली. पोटात वाट लिहिली असती, तर निदान तेवढ्याने अडलं नसतं; पाडा जिथे होता तिथेच होता. इतक्या भट्ट्या बदललेल्या माणसाने जागा हलेल याची तयारी केली होती. जागा हलणार नाही आणि सांगणारा हलेल, हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

शाळा सुरू झाली, पहिलीची नवी पोरं आली, वॉर्डनने सवयीने रडणाऱ्यांना संगणक-खोलीत आणून सोडलं. 'बाय'वर बोट ठेवलं की पडदा काळा होई आणि इंग्रजीत एक ओळ येई. मुख्याध्यापकांनी मला सांगितलं की आता त्याची गरज नाही, नवीन यंत्रांत अधिकृत प्रोग्राम आहे, प्रमाण मराठीतला. तो मी पाहिला. त्यात टाय लावलेलं एक अस्वल आहे. ते स्वच्छ उच्चारात विचारतं, "बालमित्रांनो, तुमची पाटी कुठे आहे?"

सरांची ती ओळ मला पाठ होती. मराठीच्या शिक्षकाला येणारी संगणकाची ती एकमेव ओळ. मी एका रिकाम्या तासाला जाऊन ती टाकली. यंत्राने पाडा पाहिला. सरांची लायब्ररी त्याला मिळाली, हे मला कळलं, कारण आता ते तिची तक्रार करेना. ते वेगळंच नाव मागू लागलं. सरांची लायब्ररी दुसऱ्या एका जुन्या लायब्ररीच्या आधारावर उभी होती. ती जुन्या व्यवस्थेत गावातच असे, नव्या व्यवस्थेत कुठेच नव्हती. फोनला रेंज मिळेल अशा जागी, शाळेमागच्या टेकाडावर जाऊन मी ती शोधली, एकाकडून मागवली, पाड्यावर ठेवली. मग यंत्राने तिसरं नाव मागितलं. ते आता कोणी ठेवत नाही. कंत्राटदाराचा मुलगा फोनवर म्हणाला, "सर, फार जुनं आहे ते. सोडून द्या." नुसते आवाज तरी काढून देता येतील का, असं मी विचारलं. तो म्हणाला, ते त्यांनी स्वतःच्या पद्धतीने दाबून भरलेत, त्यांच्याच लायब्ररीशिवाय उघडणार नाहीत. एवढं सांगून त्याने सभ्यपणे फोन ठेवला. तो चांगला मुलगा आहे. चांगल्या माणसांकडून नकार आला की भांडायलाही कोणी उरत नाही.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी सरांची बहीण आली. मी तिला आधी एकदाच पाहिलं होतं, तेही स्मशानाच्या वाटेवर. आठवडी बाजार करून आली होती. हातातल्या पिशवीतून सुकटीचा वास येत होता. ती दारात चपला काढून उभी राहिली.

"गुरजी," ती म्हणाली, "तो तेच्यात बोलतो ना. बोल बाय, भिऊ नको. तेवढा ऐकायचाय."

तिच्याकडे त्याचा फोटो होता, शाळेचा, ओळखपत्रावरचा. आवाज कुठे नव्हता. त्यांच्या पाड्यावर रेंज नाही, त्यामुळे फोनवरही तो कधी तिच्याशी बोलला नव्हता. सांगायचं असेल ते चालत जाऊन सांगे. जगात त्याचा आवाज एवढाच उरला होता, चार शब्दांचा, कापायचा राहिलेला.

मी तिला खुर्चीवर बसवलं. ती खुर्चीच्या कडेला बसली, पिशवी मांडीवर घेऊन. मला ठाऊक होतं काय होणार आहे. तरी मी यंत्र सुरू केलं, सरांची ओळ टाकली, एकही अक्षर चुकू न देता, आणि 'बाय'वर बोट ठेवलं. पडदा काळा झाला. पांढऱ्या अक्षरांची ती ओळ आली.

ती अक्षरांकडे बघत राहिली. वाचता येत नव्हतं, पण काहीतरी आलंय हे दिसत होतं.

"काय लिवलाय?" तिने विचारलं.

त्यावर इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं होतं की अशी फाईल नाही. मी आयुष्यभर मुलांच्या भाषांतरांवर लाल रेघा मारल्या आहेत. अर्थ सोडून पदरचं घालू नये, हे मी शिकवतो.

"सापडत नाही, असं लिहिलंय," मी म्हणालो.

ती एकदम सरळ बसली. तिचा चेहरा असा झाला, जणू मागून कोणी हाक मारली.

"तेनंच लिवलाय," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. "तो तसाच बोलायचा. नाय नको म्हणू बाय, सापडत नाय म्हण."



"मंग हाय," ती म्हणाली. "नसता तर 'नाय' लिवला असता."

तिने पिशवी उचलली, चपला घातल्या, आणि जीप जायच्या आधी निघायला हवं म्हणून निघाली. दारातून वळून म्हणाली, पुढच्या बाजाराला येते, तवर बघा.

तेव्हापासून ती दर बाजाराला येते. भाजी घेऊन, कधी सुकट घेऊन, मुख्याध्यापक जेवायला गेले की. मी यंत्र सुरू करतो, ओळ टाकतो, बोट ठेवतो. ती विचारते, काय लिवलाय? मी वाचून दाखवतो. ती मान डोलावते, थोडा वेळ त्या पांढऱ्या अक्षरांकडे बघत बसते, आणि मग मी तिची वाट लावून देतो, रस्त्याच्या वळणापर्यंत.